लिनक्सवर ब्लूटूथ हेडफोन : पेअरिंगपासून देखभालीपर्यंतचा योग्य क्रम

लिनक्सवर ब्लूटूथ हेडफोन चालत नाहीत अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा हेडफोनही धड असतात आणि संगणकही. चुकलेला असतो तो क्रम. हेडफोनमधून आवाज येण्यापूर्वी चार गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. संगणकातला ब्लूटूथ रेडिओ जागा व्हावा लागतो, ‘ब्लूझ’ ही ब्लूटूथची सेवा चालू असावी लागते, संगणक आणि हेडफोन या दोघांनी एकमेकांची गुप्त किल्ली साठवून ठेवावी लागते, आणि शेवटी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ या ध्वनी-सर्व्हरने हेडफोनचा ताबा घ्यावा लागतो. यांपैकी दुसऱ्या पायरीवर अडलेला माणूस चौथ्या पायरीवरची सेटिंग बदलत बसतो आणि मग अडचण एकाऐवजी दोन ठिकाणी होते. म्हणून पुढील टप्पे पहिल्यापासून, याच क्रमाने करावेत, आणि एका वेळी एकच बदल करावा.

या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात. ‘सीटीएल’, ‘आरएफ’, ‘डब्ल्यूपी’ यांसारखे तुकडे म्हणजे सुटी अक्षरे आहेत, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा १ : जोडण्यापूर्वीची तयारी

हेडफोन निदान अर्धे तरी चार्ज असावेत. बॅटरी तळाला गेली असताना केलेली पेअरिंग मध्येच तुटली, तर किल्ली एकाच बाजूला साठवली जाण्याची शक्यता असते. काही हेडफोन चार्जिंगची वायर लावलेली असेपर्यंत ब्लूटूथ बंदच ठेवतात; तेव्हा वायर काढूनच पुढे जावे.

हेडफोन पूर्वी ज्या फोनला जोडलेले होते, त्याचे ब्लूटूथ तेवढ्यापुरते बंद करावे. हेडफोन सुरू होताच ओळखीच्या उपकरणाकडे धाव घेतात, आणि फोन शेजारच्या खोलीत जरी असला तरी तोच आधी जिंकतो.

आता सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. हेडफोन सुरू करणे आणि हेडफोन पेअरिंग मोडमध्ये नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावरच्या बहुतेक हेडफोनमध्ये पॉवरचे किंवा ब्लूटूथचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, तर कानातल्या सुट्या इअरबड्समध्ये डबीचे झाकण उघडे ठेवून डबीवरचे बटण दाबून धरावे लागते. दिवा जलद लुकलुकू लागला किंवा तशी सूचना ऐकू आली, तरच पेअरिंग मोड लागला असे समजावे. नेमकी पद्धत हेडफोनसोबतच्या पुस्तिकेत पाहावी, अंदाज करू नये.

संगणकाच्या बाजूने, उपलब्ध अद्यतने करून यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे. कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला आहे पण यंत्र जुन्याच कर्नलवर चालू आहे, अशा अवस्थेत काही प्रणालींवर ब्लूटूथचा ड्रायव्हर सापडतच नाही. ब्लूटूथ हाताळणारा प्रोग्रॅमही एकच ठेवावा. डेस्कटॉपची स्वतःची ब्लूटूथ सेटिंग आणि त्याच्या जोडीला ब्लूमॅन हा वेगळा ब्लूटूथ प्रोग्रॅम, असे दोन्ही चालू असले की पेअरिंगची परवानगी नेमकी कोणी द्यायची यावरून घोटाळा होतो.

सावधान : ‘एचसीआयकॉन्फिग’ आणि ‘एचसीआयटूल’ वापरायला सांगणारे मार्गदर्शन कालबाह्य आहे, ब्लूझच्या मूळ प्रकल्पाने २०१७ सालीच ही साधने मोडीत काढली. तसेच वायरप्लंबरची (पाइपवायरसोबत चालून कोणते साधन कसे जोडायचे हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमची) जुनी ल्युआ भाषेतली सेटिंग २०२४ मध्ये आलेल्या ०.५ आवृत्तीपासून वाचली जात नाही. अशी फाइल जशीच्या तशी उतरवली तर निदान ती दुर्लक्षित तरी होते. पण वाचकाचा समज मात्र असा होतो की सेटिंग लागू झाली आणि तरीही उपयोग झाला नाही.

## टप्पा २ : रेडिओ आणि सेवा जागी आहेत का

टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ब्लूटूथच्या नावापुढे दोन ओळी दिसतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ या आज्ञेने काम होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर मात्र कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही. लॅपटॉपवरील बिनतारी संपर्काचे बटण किंवा बायोसमधली सेटिंग पाहावी लागते.

त्यानंतर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ’ देऊन सेवा ‘ॲक्टिव्ह’ आहे का ते पाहावे. नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ ब्लूटूथ’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) दिल्याने ती आत्ता सुरू होते आणि पुढच्या वेळी आपोआपही सुरू होते.

पडताळणी : ‘ब्लूटूथसीटीएल लिस्ट’ दिल्यावर किमान एक ‘कंट्रोलर’, म्हणजे संगणकातला ब्लूटूथ रेडिओ, दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही.

कंट्रोलर दिसत नसल्यास ‘सुडो डीमेसेज’चा निकाल पाहावा (टाइप करताना ही आज्ञा डी, एम, ई, एस, जी अशी पाच अक्षरांची आहे) आणि त्यात ब्लूटूथचा उल्लेख असलेल्या ओळी शोधाव्यात. फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडली नाही किंवा लोड करता आली नाही असा मजकूर असेल, तर दोष हेडफोनचा नाही. इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम यांच्या चिपना सुरू होताना संगणकाकडून फर्मवेअर मिळावे लागते, आणि ते बहुधा ‘लिनक्स-फर्मवेअर’ या पॅकेजातून किंवा डेबियनवर चिपनिहाय वेगळ्या पॅकेजांतून येते. पॅकेज घातल्यावर ‘रीस्टार्ट’ न करता यंत्र पूर्ण बंद करून, शक्य असल्यास वीजही तोडून, मग सुरू करावे. काही चिप साध्या रीस्टार्टमध्ये जुनीच अवस्था धरून बसतात.

लॅपटॉपमध्ये अंतर्गत ब्लूटूथ असताना वेगळा यूएसबी डोंगलही लावलेला असेल, तर यादीत दोन कंट्रोलर दिसतील. पेअरिंगची किल्ली ज्या त्या कंट्रोलरपुरतीच साठवली जाते. आज एकावर पेअर केलेले हेडफोन उद्या दुसऱ्यावर ‘हरवतात’ ते यामुळे. दोघांपैकी एकच कायमचा ठरवावा आणि दुसरा बंद ठेवावा.

## टप्पा ३ : पेअरिंग

डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनही पेअरिंग होते, आणि पहिल्या प्रयत्नात झाली तर उत्तमच. न झाल्यास मात्र चित्रमय खिडकी ‘जोडता आले नाही’ यापलीकडे काही सांगत नाही. टर्मिनल कारण सांगते. म्हणून अडल्यावर पुढील क्रम वापरावा.

१. ‘ब्लूटूथसीटीएल’ ही आज्ञा द्यावी. आता आपण तिच्या आतल्या प्रॉम्प्टवर आहोत. पुढच्या आज्ञा तिथेच द्यायच्या.

२. ‘पॉवर ऑन’, मग ‘एजंट ऑन’, मग ‘डिफॉल्ट-एजंट’. एजंट म्हणजे पेअरिंगच्या वेळी परवानगी विचारणारा आणि देणारा भाग.

३. हेडफोन पेअरिंग मोडमध्ये न्यावेत आणि मगच ‘स्कॅन ऑन’ द्यावे. आजूबाजूच्या उपकरणांचे सहा जोड्यांचे पत्ते आणि नावे सरकू लागतील.

४. आपल्या हेडफोनचा पत्ता दिसताच, स्कॅन चालू असतानाच, ‘पेअर’ आणि पुढे पत्ता लिहावा. पत्त्याची पहिली काही अक्षरे लिहून टॅब दाबल्यास उरलेला भाग आपोआप भरतो.

५. पेअरिंग यशस्वी झाल्यावर ‘ट्रस्ट’ आणि पत्ता.

६. ‘कनेक्ट’ आणि पत्ता.

७. ‘स्कॅन ऑफ’.

या सातांपैकी तीन ठिकाणी लोक घाई करतात. पहिले म्हणजे स्कॅन बंद करून सावकाश पत्ता टाइप करणे. पेअर न झालेले उपकरण ब्लूझ फक्त ३० सेकंद लक्षात ठेवते. त्यानंतर ‘उपकरण उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि वाचकाला वाटते की पत्ता चुकला. दुसरे म्हणजे ‘ट्रस्ट’ गाळणे. आज आवाज येतो, कारण जोडणी आपण संगणकाकडून केलेली असते. उद्या हेडफोन सुरू होऊन स्वतः संगणकाला हाक मारतात, तेव्हा विश्वास नोंदवलेला नसल्याने ती हाक परवानगीपाशी अडकते. तिसरे म्हणजे स्कॅन चालूच ठेवणे. शोध घेणारा आणि आवाज पाठवणारा रेडिओ एकच असल्यामुळे स्कॅन चालू असेपर्यंत आवाज अधूनमधून तुटत राहतो. ब्लूटूथ सेटिंगची खिडकी उघडी ठेवली तरी पाठीमागे तोच शोध चालू असतो. काम झाले की ती बंद करावी.

काही इअरबड्स यादीत एकाच नावाने दोन पत्त्यांवर दिसतात. त्यांपैकी एक पत्ता कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा असतो; त्यावर पेअरिंग होते, ‘कनेक्टेड’ही दिसते, पण आवाजाचे उपकरण मात्र उभे राहत नाही. अशा वेळी ती नोंद ‘रिमूव्ह’ने काढून, ‘स्कॅन ऑन’ऐवजी ‘स्कॅन बीआरईडीआर’ देऊन फक्त पारंपरिक ब्लूटूथवर शोध घ्यावा.

पडताळणी : ‘इन्फो’ आणि पत्ता दिल्यावर ‘पेअर्ड’, ‘बॉन्डेड’, ‘ट्रस्टेड’ आणि ‘कनेक्टेड’ या चारही ओळींपुढे ‘येस’ हवे आणि खालच्या सेवांच्या यादीत ‘ऑडिओ सिंक’ हवे. ‘ऑडिओ सिंक’ नसेल तर बहुधा चुकीच्या पत्त्यावर पेअरिंग झाले आहे.

जोडणी फसल्यास त्रुटीचा मजकूर नीट वाचावा. ‘पेज-टाइमआउट’ याचा अर्थ हेडफोनने हाकेला उत्तरच दिले नाही. ते बंद आहेत, दूर आहेत किंवा फोनला जोडले गेले आहेत. ‘ऑथेंटिकेशन’चा उल्लेख असलेली त्रुटी म्हणजे किल्ल्या जुळत नाहीत, एक बाजू ओळखते, दुसरी विसरली आहे. त्यावर वारंवार ‘कनेक्ट’ देणे व्यर्थ आहे. संगणकावर ‘रिमूव्ह’ करावे, हेडफोनच्या आठवणीतली यादीही पुसावी, आणि मग पुन्हा पेअर करावे. एकाच बाजूने पुसणे ही अर्धवट पुसलेली पाटी ठरते.

## टप्पा ४ : ध्वनी-सर्व्हरने हेडफोन घेतले का

ब्लूटूथची जोडणी आणि आवाज यांच्यामध्ये ध्वनी-सर्व्हर असतो. फेडोराने २०२१ मधील ३४ व्या आवृत्तीपासून आणि उबंटूने २२.१० पासून पाइपवायर हा मूळ सर्व्हर केला. त्याआधीच्या प्रणालींवर पल्सऑडिओ असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे काय आहे हे गृहीत न धरता ‘पॅकसीटीएल इन्फो’ देऊन (टाइप करताना पी, ए, सी, टी, एल) सर्व्हरच्या नावाची ओळ पाहावी. ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असे लिहिलेले असेल तर खरा सर्व्हर पाइपवायर आहे आणि तो जुन्या प्रोग्रॅमसाठी पल्सऑडिओचे सोंग घेतो आहे. नुसते ‘पल्सऑडिओ’ असेल तर तोच.

‘कनेक्ट’ देताच ‘प्रोफाइल-अनअव्हेलेबल’ अशी त्रुटी आली, तर बहुतेक वाचक पुन्हा पेअरिंग करायला धावतात. तसे करू नये. पेअरिंग ठीक आहे. हेडफोनला ‘मी आवाज पाठवीन’ असे सांगणारा संगणकाच्या बाजूला कोणी नाही, एवढाच तिचा अर्थ. डेबियन व उबंटूवर पाइपवायरसाठी ‘लिबस्पा-०.२-ब्लूटूथ’ आणि पल्सऑडिओसाठी ‘पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ’ हे वेगळे पॅकेज असते (पॅकेजच्या नावातले आकडेही रोमन कळफलकावरचेच टाइप करावेत). दोन्ही एकदम घालू नयेत. आपल्या सर्व्हरचेच घालावे.

पॅकेज घातल्यावर पाइपवायर असलेल्यांनी ‘सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स’ द्यावे आणि हेडफोन तोडून पुन्हा जोडावेत.

सावधान : ही आज्ञा ‘सुडो’ लावून देऊ नये. ध्वनी-सर्व्हर वापरकर्त्याच्या सत्रात चालतो. ‘सुडो’ लावल्यास आज्ञा मुख्य प्रशासकाच्या सत्राकडे जाते, तिथे बहुधा काहीच चालू नसते, आणि आपल्या सत्रातला अडलेला सर्व्हर तसाच राहतो.

पडताळणी : ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ दिल्यावर ‘सिंक्स’ (आवाज बाहेर देणारी साधने) या मथळ्याखाली हेडफोनचे नाव दिसले पाहिजे. ज्या नावापुढे चांदणी आहे, तेच सध्याचे मुख्य साधन. चांदणी दुसरीकडे असेल तर हेडफोनपुढचा क्रमांक घेऊन ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट’ आणि तो क्रमांक द्यावा.

पहिला आवाज वाजवताना हेडफोन कानावर न ठेवता हातात धरावेत. संगणक आणि हेडफोन यांचे आवाजाचे माप एकमेकांशी जुळवले जाताना पहिल्या वेळी ते एकदम कमाल पातळीवर जाऊ शकते.

ज्यांनी दूरच्या संगणकावर फक्त एसएसएच करून (म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून) हे सर्व चालवले आहे, त्यांना येथे वेगळीच अडचण येते. वायरप्लंबर ब्लूटूथचा ताबा सामान्यतः प्रत्यक्ष पडद्यासमोर बसलेल्या सत्रालाच देतो. त्यामुळे आधी त्या यंत्रावर प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे.

## टप्पा ५ : प्रोफाइल, म्हणजे ‘मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून येतो’

सर्वांत जास्त गैरसमज या टप्प्यावर आहेत, म्हणून येथे थोडे थांबू.

पारंपरिक ब्लूटूथवर हेडफोन दोन प्रकारे चालतात. ए२डीपी या प्रोफाइलमध्ये आवाज फक्त संगणकाकडून हेडफोनकडे जातो; तो स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचा असतो, पण मायक्रोफोन उपलब्ध नसतो. एचएफपी किंवा एचएसपी या प्रोफाइलमध्ये आवाज दोन्ही दिशांनी वाहतो आणि मायक्रोफोन मिळतो. पण ऐकू येणारा आवाज मोनो आणि टेलिफोनसारखा होतो. सीव्हीएसडी या जुन्या कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत) सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, एमएसबीसीवर १६,०००. तुलनेसाठी, सीडीवर ते ४४,१०० असतात. म्हणजे मायक्रोफोन हवा असेल तर संगीताच्या दर्जावर पाणी सोडावे लागते, आणि हा लिनक्सचा दोष नसून ब्लूटूथच्या मूळ रचनेतली मर्यादा आहे.

कोणत्याही प्रोग्रॅमने मायक्रोफोन मागितला की वायरप्लंबर स्वतःहून पहिल्या प्रोफाइलवरून दुसऱ्यावर जातो आणि मागणी संपल्यावर परत येतो. अडचण अशी की मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट केल्याने मागणी संपत नाही. प्रोग्रॅमने मायक्रोफोन धरूनच ठेवलेला असतो. ब्राउझरच्या एखाद्या विसरलेल्या टॅबनेही तो धरलेला असू शकतो. ‘पॅव्हूकंट्रोल’ या प्रोग्रॅममधील ‘रेकॉर्डिंग’ विभागात मायक्रोफोन कोणी धरला आहे ते नावानिशी दिसते. आवाज अचानक बिघडला की सर्वप्रथम तिथे पाहावे.

माझे मत विचाराल तर सर्वांत निर्वेध मांडणी अशी : ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडफोन, बोलण्यासाठी लॅपटॉपचा किंवा वेगळा वायरचा मायक्रोफोन. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. ध्वनी सेटिंगमध्ये ‘इनपुट’ म्हणून अंतर्गत किंवा वायरचा मायक्रोफोन निवडावा.

२. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्येही तोच निवडावा. तेथे ‘डिफॉल्ट’वर न विसंबता नाव घेऊन निवडणे अधिक भरवशाचे.

३. वायरप्लंबर ०.५ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज --सेव्ह ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल फॉल्स’ देऊन आपोआप होणारा बदल थांबवावा.

पडताळणी : संगीत चालू ठेवून मीटिंगच्या प्रोग्रॅममधील मायक्रोफोनची चाचणी करावी. आवाजाचा पोत बदलला नाही, तर मांडणी बरोबर बसली.

हेडफोनचाच मायक्रोफोन वापरणे भाग असेल, तर पॅव्हूकंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’ विभागात एमएसबीसी असलेला पर्याय निवडावा. समोरच्याला फरक लगेच जाणवतो. काम झाल्यावर तिथेच ए२डीपीवर परतावे. स्वयंचलित बदल बंद केल्यानंतर हे परतणे आपल्यालाच करायचे आहे, हे लोक विसरतात आणि आठवडाभर टेलिफोनच्या दर्जाचे संगीत ऐकत राहतात.

## टप्पा ६ : कोडेक

यावर वेळ घालवण्याइतके यात फारसे नाही. एसबीसी हा कोडेक ए२डीपी असलेल्या प्रत्येक हेडफोनमध्ये असतोच. एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हे दोन्ही बाजूंना असतील तरच पर्यायांत दिसतात. पेटंट आणि परवान्यांच्या कारणाने लिनक्सची काही वितरणे त्यांतले काही वगळतात. त्यामुळे फोनवर दिसणारा कोडेक संगणकावर न दिसणे ही बिघाडाची खूण नव्हे. एलडॅक सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतो. वरची पायरी हट्टाने लावली तर गजबजलेल्या जागी आवाज तुटतो. आधी मूळ कोडेकवर दोन दिवस ऐकावे. तक्रार नसेल तर बदलू नये.

## टप्पा ७ : आवाज तुटतो किंवा मागे पडतो

प्रथम दोष रेडिओचा आहे की संगणकाचा, हे ठरवावे. ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही आज्ञा देऊन ‘ईआरआर’ या स्तंभावर नजर ठेवावी. आवाज तुटताना तेथील आकडा वाढत असेल तर संगणकाला वेळेवर काम उरकत नाही. जड प्रोग्रॅम बंद करून पाहावेत. आकडा स्थिर असूनही आवाज तुटत असेल तर दोष हवेतला आहे, आणि सेटिंगच्या फाइली उघडण्यात अर्थ नाही.

हवेतला दोष शोधताना हे लक्षात घ्यावे की पारंपरिक ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर सतत उड्या मारत चालते, आणि त्याच पट्ट्यातली वायफायची एक वाहिनी २० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक जागा व्यापते. लॅपटॉपमध्ये तर वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात. म्हणून पहिला उपाय : संगणकाचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे. दुसरा : यूएसबी ३ च्या खाचेला लावलेली डिस्क किंवा हब काढून पाहावे. यूएसबी ३ च्या वहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण होतो, आणि त्याच्या शेजारच्या खाचेत बसवलेला ब्लूटूथ डोंगल त्यात बहिरा होतो. डोंगल छोट्या एक्सटेन्शन वायरने दूर आणून टेबलावर ठेवला की हा त्रास बऱ्याचदा मिटतो. तिसरा : जागा बदलून पाहावी. मानवी शरीर या लहरी चांगल्याच अडवते, त्यामुळे संगणक पाठीमागे असताना तुटणारा आवाज समोर असताना नीट येऊ शकतो.

थोडा वेळ शांतता राहिल्यावर डोंगलची जोडणीच सुटत असेल, तर यूएसबीची वीजबचत कारणीभूत असू शकते. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल_ऑटोसस्पेंड=एन’ ही एकच ओळ लिहावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.

चित्रपटात ओठ आधी आणि शब्द नंतर, हा वेगळा विषय. ब्लूटूथला थोडा विलंब असतोच. व्हिडिओ प्लेअर तो सहसा हिशेबात धरतात. तरीही फरक राहिला तर व्हीएलसीमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज मागेपुढे सरकवता येतो.

## टप्पा ८ : दोन प्रणाली, दोन उपकरणे

एकाच संगणकावर लिनक्स आणि दुसरी प्रणाली असेल, तर एकीकडे पेअर केले की दुसरीकडची जोडणी मोडते. ब्लूटूथचा पत्ता दोन्हीकडे तोच असतो, पण प्रत्येक पेअरिंगला किल्ली नवी तयार होते आणि हेडफोन त्या पत्त्यासाठी शेवटची किल्लीच ठेवतात. दोन्हीकडे एकच किल्ली हवी असल्यास आधी लिनक्सवर, नंतर दुसऱ्या प्रणालीवर पेअर करावे, आणि त्या दुसऱ्या प्रणालीतली किल्ली लिनक्समध्ये ‘/व्हार/लिब/ब्लूटूथ’ येथे कंट्रोलर आणि हेडफोन यांच्या पत्त्यांच्या फोल्डरातील ‘इन्फो’ फाइलमध्ये लिहावी. फाइल बदलण्यापूर्वी ब्लूटूथ सेवा थांबवावी, नंतर सुरू करावी. हे करण्याची तयारी नसेल तर अंतर्गत कंट्रोलर एका प्रणालीसाठी आणि स्वस्तातला डोंगल दुसरीसाठी ठेवणे हा सरळ मार्ग आहे.

फोन आणि संगणक दोघांना एकाच वेळी जोडणारे हेडफोन असतील, तर फोनवर नुसती सूचना वाजली तरी संगणकाचा आवाज थांबू शकतो. त्रास होत असल्यास ही दुहेरी सोय हेडफोनच्या ॲपमधून बंद करावी.

## टप्पा ९ : देखभाल

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण रिकामे राहणे आणि उष्णता, दोन्ही मानवत नाहीत. महिनाभर वापर होणार नसेल तर साधारण निम्मी चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावी. उरलेली बॅटरी डेस्कटॉपवर दिसत नसेल तर जुन्या ब्लूझवर ‘/ईटीसी/ब्लूटूथ/मेन.कॉन्फ’ मध्ये ‘एक्सपेरिमेंटल’ हा पर्याय ‘ट्रू’ करावा लागतो. पुष्कळ हेडफोन हा आकडा १० टक्क्यांच्या पायऱ्यांनीच कळवतात. तो एकदम उतरला म्हणून बॅटरी खराब झाली असे समजू नये.

स्वच्छता. एका बाजूचा आवाज कमी आला की सॉफ्टवेअरमध्ये शिरण्यापूर्वी इअरबडची जाळी उजेडात पाहावी. अनेकदा तिथे कानातला मळ साचलेला असतो. जाळी खालच्या दिशेला धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. टाचणी, दाबाची हवा किंवा द्रव वापरू नये. चार्जिंगचे धातूचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसावेत. इअरबड डबीत ठेवूनही चार्ज होत नसेल तर बहुधा दोष तिथेच असतो. कानावरच्या गाद्या किंचित ओल्या कापडाने पुसाव्यात. अल्कोहोलने कृत्रिम चामडे कोरडे पडून तडकते.

फर्मवेअर. हेडफोनचे अद्यतन बहुधा उत्पादकाच्या फोनमधील ॲपमधूनच होते. ते करताना बॅटरी निम्म्याहून अधिक असावी आणि संगणकाचे ब्लूटूथ बंद असावे. त्यानंतर संगणकावरील जोडणी फसू लागली तर टप्पा ३ नव्याने करावा.

प्रणालीची मोठी आवृत्ती बदलण्यापूर्वी ‘ब्लूटूथसीटीएल --व्हर्जन’, ‘पाइपवायर --व्हर्जन’ आणि ‘वायरप्लंबर --व्हर्जन’ यांचे आकडे टिपून ठेवावेत. नंतर काही बिघडले तर नेमके काय बदलले हे त्यावरून कळते.

## टप्पा १० : सगळे करूनही जमले नाही तर

१. संगणकावर त्या एका हेडफोनची नोंद ‘रिमूव्ह’ करावी. ‘/व्हार/लिब/ब्लूटूथ’ हे संपूर्ण फोल्डर उडवू नये. कीबोर्ड आणि माउस ब्लूटूथचे असतील तर तेही त्याच क्षणी हातचे जातील.

२. हेडफोन पुस्तिकेप्रमाणे मूळ अवस्थेत न्यावेत.

३. आपल्या होम फोल्डरमधील ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ या फोल्डरचे नाव बदलावे. आधी निवडलेली प्रोफाइल आणि आवाजाच्या पातळ्या त्यात साठलेल्या असतात. पुसण्याऐवजी नाव बदलल्यास परतीचा रस्ता राहतो.

४. यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे आणि टप्पा २ पासून क्रमाने यावे.

५. तरीही अडले तर दुसऱ्या वितरणाच्या लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करून तेच हेडफोन जोडून पाहावेत. तिथे चालले तर आपल्या प्रणालीची मांडणी चुकलेली आहे. तिथेही नाही चालले तर चिप, तिचे फर्मवेअर किंवा हेडफोन यांच्याकडे संशय वळवावा.

मदत मागताना ‘जर्नलसीटीएल -यू ब्लूटूथ -बी’ या आज्ञेचा निकाल, वर टिपलेल्या तीन आवृत्त्या आणि त्रुटीचा मजकूर अक्षरशः द्यावा. जोडणी करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘सुडो बीटीमॉन’ चालू ठेवल्यास रेडिओवरचा सगळा संवाद नोंदला जातो. हा मजकूर इतरांना देण्यापूर्वी त्यातले ब्लूटूथ पत्ते झाकावेत, आणि ‘लिंक की’ असे लिहिलेली ओळ असल्यास ती पूर्ण काढून टाकावी.